यूनिक्स प्रणालीतील फाइलमापन
यूनिक्स या संगणक प्रणालीत फाइलींचे आकारमान मोजणे आणि अधिक जागा व्यापणाऱ्या फाइली हुडकून काढणे यांसाठी वापरल्या जाणाऱ्या आज्ञांचा व त्यांमागील कल्पनांचा इतिहास. या आज्ञा कळफलकावरून टंकित करून दिल्या जातात. त्यांपैकी प्रमुख आज्ञा पन्नासहून अधिक वर्षे प्रचारात आहेत. संगणकाच्या क्षेत्रात असे दीर्घायुष्य विरळाच.

यूनिक्सची निर्मिती अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरी हिल येथील बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये १९६९ साली सुरू झाली. केन टॉम्पसन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. प्रारंभीच्या पीडीपी-११ संगणकाची स्मृती अवघी २४ किलोबाइट होती आणि त्याच्या चुंबकीय तबकडीवर ५१२ बाइटांचे सु. १,००० ठोकळे मावत. कोणतीही फाइल ६४ किलोबाइटांहून मोठी होऊ शकत नसे. एवढ्या जागेत अनेकांची कामे चालत व तबकडी भरली, की सर्वांचीच अडत. त्यामुळे जागा कोणी अडविली, या प्रश्नाला तांत्रिक इतकेच सामाजिक महत्त्वही होते. ३ नोव्हेंबर १९७१ या दिनांकाच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच एलएस, डीयू व डीएफ या आज्ञा आढळतात. पहिली फाइलींची यादी देते, दुसरी निर्देशिकेतील व तिच्या पोटातील निर्देशिकांतील सर्व फाइलींनी व्यापलेले ठोकळे मोजते, तर तिसरी शिल्लक ठोकळे सांगत असे.

मोठ्या फाइली शोधण्यासाठी मात्र स्वतंत्र आज्ञा निर्माण झाली नाही. १९७३ मध्ये डग्लस मॅक्इलरॉय यांच्या आग्रहाने एका आज्ञेचे फलित थेट दुसरीस पुरविणारी नळी (पाइप) यूनिक्समध्ये आली. त्यामुळे डीयूचे आकडे सॉर्ट या आज्ञेकडे देऊन ते चढत्या क्रमाने लावणे व शेवटच्या काही ओळी वाचणे एवढे पुरेसे झाले. पुढे फाइंड या आज्ञेत आकारमानाची अट घालण्याची सोय झाली, तिने विशिष्ट मर्यादेपलीकडील फाइली निवडता येऊ लागल्या.

या मापनातील खरी अडचण निराळीच आहे. फाइलीचे आकारमान एक नसून दोन असतात : लांबी, म्हणजे तिच्यातील बाइटांची संख्या, आणि व्याप, म्हणजे तिला दिलेली तबकडीवरील जागा. एलएस लांबी दाखविते, डीयू व्याप मोजते. ‘पुणे’ एवढाच शब्द असलेली फाइल यूटीएफ-८ संकेतनात १२ बाइटांची होते, परंतु ४,०९६ बाइटांचे ठोकळे वापरणाऱ्या प्रणालीत ती सामान्यतः एक संपूर्ण ठोकळा अडविते. उलटपक्षी, रिकाम्या फाइलीत दहा लक्ष बाइट सोडून पुढे एकच बाइट लिहिल्यास लांबी १०,००,००१ बाइट दिसते, पण मधल्या पोकळीला बहुधा जागाच लागत नाही. लांबी पाहून फाइल काढून टाकणाऱ्यास अशा वेळी अपेक्षित जागा मिळत नाही.

ठोकळा मोठा केल्यास वाचन-लेखनाचा वेग वाढतो, पण अपव्ययही वाढतो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅक्यूसिक, जॉय, लेफ्लर व फॅब्री यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सु. ७७५ मेगाबाइट माहितीवरून हा अपव्यय दाखविला आहे : ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत तो ६·९ टक्के, तर ४,०९६ बाइटांच्या ठोकळ्यांत ४५·६ टक्के भरला. ठोकळ्याचे तुकडे पाडून ते लहान फाइलींना देण्याची युक्ती त्यांनी योजिली. सु. १० टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखूनही ठेवली. परिणामी डीएफ कधीकधी १०० टक्क्यांहून अधिक वापर दाखवी आणि अनभिज्ञ माणूस चकित होई. त्याच बर्कली आवृत्तीत (४.२ बीएसडी, १९८३) मेलबर्न विद्यापीठाच्या रॉबर्ट एल्झ यांनी रचलेली वाटप-मर्यादेची योजना आली : सौम्य मर्यादा ओलांडल्यास ताकीद मिळे, कठोर मर्यादेपुढे लेखनच नाकारले जाई. जागेचा तंटा सामोपचाराने मिटविण्याचा काळ त्यामुळे मागे पडू लागला.

एककाविषयीही मतभेद राहिले. पॉसिक्स मानकाने ५१२ बाइटांचा ठोकळा हेच मूळ एकक मानले; रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाने १,०२४ बाइट पसंत केले. किलोबाइट, मेगाबाइट असे संक्षेप जोडलेले आकडे वाचावयास सोपे, पण साध्या क्रमवारीत ते फसत. ‘९००के’ हा ‘२एम’च्या पुढे जाई. ग्नूच्या सॉर्ट आज्ञेत ही उणीव २००९ मध्ये दूर झाली.

डीयू व डीएफ यांचे आकडे न जुळणे हा व्यवस्थापकांच्या नेहमीच्या अनुभवातील प्रकार होय. फाइल काढून टाकली, तरी एखादा चालू कार्यक्रम ती उघडी धरून असेल, तर तिचे नाव यादीतून जाते, जागा मात्र सुटत नाही. निर्देशिका चाळणाऱ्या डीयूला ती दिसत नाही आणि ठोकळ्यांचा हिशेब ठेवणारी डीएफ ती भरलेलीच दाखविते. त्या कार्यक्रमाने ती फाइल मिटल्यावर किंवा तो कार्यक्रम बंद झाल्यावरच ते ठोकळे मोकळे होतात.