रत्ने, पत्ते आणि नशीब : एका मोबाइल खेळामागची साडेचारशे वर्षे

(१)
२० फेब्रुवारी २०१२. जपानमध्ये आयफोनसाठी ‘पझल अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ दाखल झाला. रंगीत गोळे तीन-तीन करून जुळवायचे, त्या बळावर राक्षसांशी लढायचे आणि त्याच राक्षसांचे पत्ते गोळा करायचे, असा हा तिहेरी खेळ. तीन महिन्यांच्या आत, १८ मे २०१२ रोजी, जपान सरकारच्या ग्राहक व्यवहार संस्थेने मोबाइल खेळांतील पत्ते जुळवण्याचा एक प्रकार बेकायदा असल्याचे जाहीर केले. एका जुळवणीने देशाला वेड लावले, दुसरीवर बंदी आली. या दोन जुळवण्यांत नेमका फरक काय, हे समजण्यासाठी थेट सोळाव्या शतकापर्यंत मागे जावे लागते. थ्रेड 👇

(२)
आधी खेळ समजून घेऊ. पट आडवा ६ आणि उभा ५ घरांचा, म्हणजे एकूण ३० गोळे. गोळ्यांचे प्रकार सहा : अग्नी, जल, काष्ठ, प्रकाश, अंधार आणि हृदय. नेहमीच्या तीन-जुळवणीच्या खेळात शेजारच्या दोन वस्तूंची अदलाबदल करता येते, एवढेच. येथे मात्र एक गोळा बोटाखाली धरून सुमारे ४ सेकंद पटावर हवा तसा फिरवता येतो आणि त्याच्या वाटेतले गोळे जागा बदलत जातात. पहिल्या जुळणीनंतरची प्रत्येक जुळणी घावाचे बळ २५ टक्क्यांनी वाढवते. एका फेरीत पाच जुळण्या साधल्या, तर घाव दुप्पट. हृदये जुळली, तर जखमा भरतात.

(३)
घाव घालतात ते खेळाडूने जमवलेले राक्षस. संघात एक नायक, चार साथी आणि दुसऱ्या खेळाडूकडून उसना घेतलेला सहावा. अग्नीचे गोळे जुळले की अग्नीचे राक्षस तुटून पडतात. नको असलेले राक्षस एखाद्या आवडत्या राक्षसाला ‘खाऊ घालून’ त्याची ताकद वाढवता येते आणि पुढे त्याचे रूपांतरही होते. त्यामुळे या खेळात आनंदाच्या दोन जागा आहेत : चार सेकंदांत बोटाने साधलेली करामत आणि महिनोन्‌महिने जपून वाढवलेला संग्रह. पहिला आनंद कौशल्याचा, दुसरा बऱ्याच अंशी नशिबाचा. पुढचा सगळा इतिहास या दोहोंमधल्या ओढाताणीचा आहे.

(४)
जुळवणीचे घराणे मुख्यतः रशियातले. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी ‘टेट्रिस’ रचला. १९९४ साली रशियातच येवगेनी अलेमझिन यांनी ‘शारिकी’ (म्हणजे छोटे गोळे) हा खेळ तयार केला. शेजारचे दोन गोळे अदलाबदल करून तीन वा अधिक एका ओळीत आणणे, हा आजच्या तीन-जुळवणीचा मूळ नियम तेथे पूर्ण रूपात दिसतो. २००१ साली अमेरिकेतील पॉपकॅप कंपनीच्या ‘बिज्वेल्ड’ने गोळ्यांच्या जागी रत्ने आणली आणि हा प्रकार कार्यालयांतील संगणकांपासून घरोघरी पोहोचला.

(५)
पण रत्ने जुळवून पुढे काय? गुण वाढतात, इतकेच. या प्रश्नाला पहिले ठाशीव उत्तर ऑस्ट्रेलियातून आले. ‘वॉरलॉर्ड्स’ ही युद्धखेळांची मालिका रचणारे स्टीव्ह फॉकनर यांनी २००७ साली ‘पझल क्वेस्ट’ आणला. त्यात खेळाडू आणि शत्रू एकाच पटावर आळीपाळीने चाल करतात. रंगीत रत्नांतून मंत्रशक्ती मिळते, कवट्या जुळल्या की प्रतिस्पर्ध्यावर प्रहार होतो. जुळवणीला कथा, पात्र आणि परिणाम लाभले.

(६)
पात्राची ताकद आकड्यांत मोजून ती हळूहळू वाढवत नेण्याची कल्पना अमेरिकेतील ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या कागद-फाशांच्या खेळाने रूढ केली. जपानमध्ये १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने तिला दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणून राष्ट्रीय छंद बनवले. २०१२ च्या जपानी तरुणाला राक्षस, पातळ्या आणि अनुभवाचे गुण ही भाषा शिकवावी लागली नाही; ती त्याने बालपणीच आत्मसात केली होती.

(७)
उरले पत्ते. त्यांची कथा सर्वांत जुनी. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले. पुढे गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असा त्यांचा व्यापारी मार्ग स्थिरावला. फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघून १५४९ मध्ये कागोशिमास उतरला. या जहाजांवरच्या खलाशांसोबत खेळण्याचे पत्ते जपानात गेले. पोर्तुगीज ‘कार्ता’चे जपानी ‘कारुता’ झाले. जपानी कारागिरांनी लवकरच त्यांची देशी नक्कल केली : प्याले, नाणी, तलवारी आणि सोटे असे चार रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण ४८.

(८)
पत्त्यांपाठोपाठ जुगार आला आणि जुगारापाठोपाठ बंदी. शिकोकू बेटावरील चोसोकाबे घराण्याच्या १५९७ च्या कायद्यातच कारुताचा जुगार निषिद्ध ठरला होता. एदो काळातील शासनानेही वेळोवेळी बंद्या घातल्या. प्रत्येक बंदीनंतर कारागिरांनी चित्रे बदलली. खेळ तोच, चेहरा नवा. या लपंडावातून अखेर ‘हानाफुदा’ म्हणजे फुलांचे पत्ते रूढ झाले. त्यांवर आकडे नाहीत. बारा महिन्यांची झाडे-फुले आणि प्रत्येक महिन्याचे चार पत्ते. बेरीज पुन्हा ४८. हा खेळही जुळवणीचाच : हातातल्या पत्त्याने पटावरचा त्याच महिन्याचा पत्ता उचलायचा.

(९)
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेइजी राजवटीने हानाफुदाच्या विक्रीवरील निर्बंध उठवले. १८८९ साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी हे पत्ते बनवण्याचा छोटा कारखाना काढला. त्याचे नाव निन्तेन्दो. ‘मारिओ’ची जगप्रसिद्ध कंपनी जन्मतः पत्तेवाली आहे, हा योगायोग पुढे महत्त्वाचा ठरेल.

(१०)
विसाव्या शतकात पत्त्याने भूमिका बदलली. तो खेळण्याच्या साधनाऐवजी माल खपवण्याचे आमिष झाला. अमेरिकेत १८८० च्या दशकापासून सिगारेटच्या पाकिटांत चित्रपत्ते घालत असत. युद्धोत्तर जपानमध्ये ‘कोबाई कॅरमेल’च्या वेष्टनासोबत बेसबॉलपटूंचे पत्ते मिळत आणि पूर्ण संघ जमवणाऱ्या मुलाला बक्षीस असे. एकच पत्ता काही केल्या न मिळाल्याने मुले कॅरमेल विकत घेत राहत. अशा ‘पूर्ण संच जमवा, बक्षीस मिळवा’ योजनांना जपानी कायद्यात ‘कादो-आवासे’, म्हणजे ‘पत्ते-जुळवणी’, असे नाव आहे. अनुचित बक्षिसांविरुद्धच्या १९६२ च्या कायद्याखाली निघालेल्या १९७७ च्या अधिसूचनेने त्या पूर्णतः निषिद्ध केल्या.

(११)
निषेध संचाच्या बक्षिसाला होता, आमिषाला नव्हे. १९८५ मध्ये लोत्ते कंपनीने ‘बिक्कुरिमान’ चॉकलेटमध्ये देव-दानवांची चित्रे घालायला सुरुवात केली. पुढची दोन-तीन वर्षे जपानी मुले चित्र काढून घेऊन चॉकलेट फेकून देत होती. दुर्मीळ चित्रांचे भाव चढले. १९८८ साली न्याय्य व्यापार आयोगाला यात लक्ष घालावे लागले. दुर्मीळतेच्या ओढीचे बळ किती, हे त्या फेकलेल्या चॉकलेटांनी दाखवले होते.

(१२)
या ओढीला यंत्र मिळाले ते ‘गाचा’च्या रूपाने. नाणे टाकून मूठ फिरवली की आतून एक बंद गोळी पडते आणि तिच्यात कोणते खेळणे आहे, ते उघडल्यावरच कळते. ‘गाचा’ हा त्या मुठीचा आवाज. १९६० च्या दशकापासून जपानी दुकानांबाहेर ही यंत्रे उभी होती. २०१० च्या सुमारास मोबाइल खेळांनी त्यांची डिजिटल प्रत केली : खेळ मोफत, पण हवा तो पत्ता मिळण्याची संधी विकत. यांतील अनेक पत्तेखेळांत लढाई यंत्रच आपोआप उरकत असे. ज्याचे पत्ते बलवान, तो जिंकला. खेळाडूने करण्यासारखे उरले एकच : मूठ फिरवणे.

(१३)
त्यातून ‘कम्प्लीट गाचा’ जन्मली : ठरावीक सर्व पत्ते जमले, तरच अतिदुर्मीळ पत्ता मिळेल. हे गणित फसवे आहे. समजा, १० वेगवेगळे पत्ते आहेत आणि प्रत्येक निघण्याची शक्यता समान आहे. पहिले ५ जमायला सरासरी साडेसहा प्रयत्न पुरतात. उरलेल्या ५ ना मात्र सुमारे २३ लागतात आणि त्यांतले १० केवळ शेवटच्या एका पत्त्यासाठी! ‘अर्धे झाले, आता थोडेच राहिले’ असे वाटते, तेव्हा तीन चतुर्थांशांहून अधिक खर्च अजून पुढे असतो. प्रत्यक्षात तर काही पत्ते मुद्दाम दुर्मीळ ठेवलेले असत. एका प्रयत्नाला काही शे येन पडत. अल्पवयीन मुलांच्या हातून झालेल्या मोठ्या खर्चाच्या तक्रारी वाढू लागल्या.

(१४)
मे २०१२ च्या आरंभी सरकार कारवाई करणार, ही बातमी फुटताच ग्री आणि डीएनए या बड्या कंपन्यांचे समभाग एका दिवसात २० टक्क्यांहून अधिक कोसळले. १८ मे रोजी भूमिका जाहीर झाली आणि १ जुलैपासून तिचा अंमल सुरू झाला. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. १९७७ च्या अधिसूचनेतील ‘पत्ते-जुळवणी’च मोबाइलवर अवतरली आहे, एवढेच सरकारने म्हटले. कॅरमेलच्या काळातील अनुभवातून घडलेला नियम स्मार्टफोनला लागू पडला.

(१५)
‘पझल अँड ड्रॅगन्स’चा उत्कर्ष नेमका या पार्श्वभूमीवर झाला. गंगहो कंपनीच्या या खेळात निर्माते दाइसुके यामामोतो यांनी लढाईचा निकाल पुन्हा खेळाडूच्या बोटाशी जोडला. साध्या पत्त्यांचा संघ घेऊन निष्णात खेळाडू कठीण कोट सर करू शके. उलट उत्तम पत्ते असूनही पट वाचता न येणारा हरे. मोबाइल खेळांत १ अब्ज डॉलरची कमाई ओलांडणारा हा पहिला खेळ मानला जातो. मे २०१३ मध्ये गंगहोचे बाजारमूल्य काही काळ निन्तेन्दोच्याही वर गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस निन्तेन्दोच्या यंत्रासाठी या खेळाची आवृत्ती निघाली आणि २०१५ मध्ये मारिओ स्वतः त्याच्या पटावर आला. पत्त्यांचा जुना कारखानदार पत्त्यांच्या नव्या अवताराला येऊन भेटला.

(१६)
तरीही या खेळाला कौशल्याचा निर्भेळ विजय म्हणता येणार नाही. यातही ‘दुर्मीळ अंड्यांचे यंत्र’ आहेच : ५ जादूई खडे द्या, एक अंडे घ्या. खडे खेळातून मिळतात, तसेच पैशांनीही मिळतात. हरल्यावर एक खडा देऊन लढाई पुढे चालू ठेवता येते. २०१७ साली ग्राहक व्यवहार संस्थेने गंगहोवर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कारवाई केली. घोषित राक्षसांपैकी मोजक्यांनाच जाहिरातीत सांगितलेले रूपांतर मिळणार होते. पुढच्या वर्षी सुमारे ५ कोटी येनचा दंडही झाला. बंदी आली ती संच पूर्ण करण्याच्या सक्तीवर. मूठ फिरवण्याचा व्यवसाय चालूच राहिला.

(१७)
मराठी वाचकाला या खेळात एक ओळखीची गोष्ट भेटते. त्याच्या राक्षस-दैवतांत शिव, पार्वती आणि लक्ष्मीही आहेत. जपानला ही दैवते नवी नाहीत. बौद्ध धर्माच्या वाटेने लक्ष्मी तेथे किचिजोतेन आणि सरस्वती बेंझाइतेन या नावांनी शतकांपूर्वीच पोहोचली. देवांना पत्त्यांवर पाहणे कोकणालाही नवे नाही. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगवलेल्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२० पाने असतात. फरक मुळातला आहे : गंजिफ्याचा डाव पूर्ण हाती येतो आणि मगच खेळ सुरू होतो. गाचामध्ये डाव पूर्ण होऊ न देण्यावरच धंदा चालतो.

(१८)
कौशल्य कोठे संपते आणि जुगार कोठे सुरू होतो, या प्रश्नाने मुंबईलाही एकदा सर्वोच्च न्यायालयात नेले होते. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या १९५७ च्या खटल्याचा विषय होता बक्षिसांची शब्दकोडी. दिसायला बुद्धीचा खेळ. प्रत्यक्षात उत्तर योग्य असण्यापेक्षा ते आयोजकांनी आधीच ठरवलेल्या उत्तराशी जुळणे निर्णायक. न्यायालयाने त्या स्पर्धेला जुगार मानले आणि जुगाराला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. मात्र ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर ठरते, ती वेगळी, हेही त्याच काळातल्या निर्णयांत स्पष्ट झाले. कसोटी नावाची वा रूपाची नव्हे. निकाल कशावर ठरतो, याची.

(१९)
तीच कसोटी २०१२ च्या दोन जुळवण्यांना लावली की आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. गोळ्यांच्या जुळवणीत सर्व ३० गोळे डोळ्यांसमोर उघडे असतात. चूक झाली तर ती कोठे झाली, हे कळते आणि पुढच्या वेळी सुधारता येते. पत्त्यांच्या जुळवणीत शेवटचा पत्ता यंत्राच्या पोटात झाकलेला असतो. तेथे शंभरावा प्रयत्नही पहिल्याइतकाच आंधळा. एक खेळ खेळाडूला घडवतो, दुसरा त्याला केवळ थांबवून धरतो.

(२०)
साडेचारशे वर्षांत जपानी शासकांनी पत्त्यांवर अनेकदा बंदी घातली आणि पत्ता दरवेळी नवे चित्र लेवून परतला : प्याल्यांऐवजी फुले, फुलांऐवजी बेसबॉलपटू, त्यांच्या जागी देव-दानव आणि अखेर चकाकणारी अंडी. रत्ने जुळवण्याचा आनंद खरा आहे आणि संग्रहाचाही खरा आहे. हे दोन्ही आनंद एकाच पटावर मांडले जातात, तेव्हा आपण त्यांतल्या कोणत्या आनंदाचे मोल देत आहोत, हे ओळखणे खेळाडूच्या हाती राहते. त्यासाठी मात्र चार सेकंद पुरत नाहीत.

थ्रेड समाप्त.