हँडलची ग्रिप आणि घर्षणाचे नियम

मोटरसायकलच्या हँडलच्या दोन्ही टोकांना रबरी ग्रिप असतात. बहुतेक गाड्यांवर त्यांना ना स्क्रू असतो ना खीळ. आत सुमारे २२ मिलिमीटर व्यासाची नळी आणि तिच्यावर ताणून चढवलेली, किंचित अरुंद भोकाची रबरी मूठ, एवढाच सारा मामला. उजव्या बाजूला ही मूठ वळवून इंजिनाचा वेग कमीजास्त करतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील ‘इंडियन’ मोटरसायकलींवर ही सोय आली आणि पुढे जगभर रूढ झाली. गिअरच्या स्कूटरींमध्ये, उदाहरणार्थ १९७२ साली आलेल्या बजाज चेतकमध्ये, गिअर बदलण्यासाठी डावी मूठही वळवावी लागे. म्हणजे दोन्ही हातांचा पीळ रबराने सोसायचा. ते नळीवर फिरू लागले तर वेगावरचा ताबा सुटतो, आणि ऐन खड्ड्यात मूठ हातात आली तर गाडीचा तोलच जातो.

रबराला जागेवर धरून ठेवणारे बल अर्थातच घर्षणाचे. वर्गात आपण घर्षणाचे दोन नियम शिकवतो. घर्षणबल हे पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असते, हा पहिला. ते स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, हा दुसरा. वीट आडवी ठेवून ओढा किंवा कडेवर ठेवून ओढा, बल तेवढेच लागते. हे नियम आपण असे सांगतो की जणू ते सर्वच पदार्थांना लागू आहेत. रबराला ते लागू नाहीत आणि ग्रिप तर रबराचीच असते. म्हणून या नियमांचा इतिहास ग्रिपच्या बाजूने पाहावा, असे आम्हांला वाटते.

लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत हे दोन्ही नियम सापडतात. त्यांचा पहिला उल्लेख १४९३ सालच्या सुमाराचा आहे. पण त्या वह्या छापल्या गेल्या नाहीत, त्यामुळे पुढच्या लोकांना त्यांचा काही उपयोग झाला नाही. १६९९ साली गियोम आमोंतों यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हेच नियम स्वतंत्रपणे मांडले. ऐन तारुण्यातच ऐकू येईनासे झालेला हा माणूस उपकरणे बनवण्यात मोठा वाकबगार होता. त्याने तांबे, लोखंड, शिसे व लाकूड यांवर डुकराची चरबी लावून प्रयोग केले. घर्षण दाबाच्या सुमारे एक तृतीयांश येते असे त्याला आढळले. क्षेत्रफळाशी घर्षणाचा संबंध नाही, हे अकादमीच्या सभासदांना पटेना. ला हीर यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा कुठे ते मान्य झाले. त्यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती, हे पुढे दिसेल.

कुलोंब यांचे नाव आपण विद्युतप्रभारांच्या नियमामुळे घेतो. पण ते लष्करी अभियंते होते, आणि १७७९ च्या सुमारास रोशफोर येथील गोदीत त्यांनी घर्षणावर विस्तृत प्रयोग केले. पृष्ठभागांवरचे उंचवटे एकमेकांत अडकतात, त्यामुळे घर्षण होते असे त्यांचे मत होते. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटत असतील ही कल्पना त्यांनी बाजूला सारली, कारण चिकटण्यामुळे घर्षण होत असते तर मोठ्या क्षेत्राला जास्त घर्षण दिसायला हवे होते. तर्क बिनतोड वाटतो.

त्यातली मेख उकलायला १९३९ साल उजाडले. केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर यांनी धातूच्या दोन तुकड्यांमधून वीज पाठवून त्यांचा खरा स्पर्श किती आहे ते मोजले. तो अतिशय थोडा निघाला. गुळगुळीत दिसणारे पोलादही फक्त उंचवट्यांच्या शेंड्यांवर टेकते. दाब वाढवला की शेंडे चेपतात आणि खरे स्पर्शक्षेत्र दाबाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे घर्षण क्षेत्रावरच अवलंबून असते, फक्त ते क्षेत्र आपल्याला दिसणारे नसते. आमोंतोंचे नियमही राहिले आणि चिकटण्याची कल्पनाही परत आली.

रबराचे शेंडे मात्र धातूसारखे कायमचे चेपत नाहीत. ते स्थितिस्थापक असतात आणि मऊ असल्याने थोड्या दाबानेच पसरून समोरच्या पृष्ठभागाला बिलगतात. एकदा बहुतेक जागा बिलगली की आणखी दाबून नवे क्षेत्र येणार कुठून? फ्रान्समध्ये थिरियाँ यांनी १९४६ साली आणि इंग्लंडमध्ये शालामाख यांनी १९५२ साली दाखवले, की दाब वाढवत नेला तर रबराचा घर्षणांक उतरत जातो. शालामाख यांनी १९७१ साली आणखी एक गंमत पाहिली. काचेवर मऊ रबर सरकवले, तर ते सगळे एकदम सरकत नाही. त्यात बारीक सुरकुत्या उठतात आणि त्या पुढे धावतात. जड सतरंजी ओढण्याऐवजी तिची एक सुरकुती ढकलत नेतात, तसाच हा प्रकार.

याचा ग्रिपशी संबंध सरळ आहे. ग्रिप भलतीच घट्ट घेतली तर त्या प्रमाणात पकड वाढत नाही, उलट चढवताना रबर फाटण्याची भीती असते. रबर नळीला सगळीकडे बिलगलेले असणे महत्त्वाचे. मध्ये तेल, साबण किंवा पाण्याचा पातळ थर आला की बिलगणे संपते. साबणाच्या पाण्याने ग्रिप झटकन चढते, पण पाणी सुकल्यावर साबण आतच राहतो. मेकॅनिक पेट्रोलचे चार थेंब लावतात, कारण ते उडून जाते (आगीचा धोका अर्थातच आहे). पंक्चरच्या दुकानातले सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर. १८२३ साली मॅकिंटॉश यांनी नॅफ्थ्यात रबर विरघळवून त्याचे जलरोधक कापड केले, त्याच कुळातले हे. ते लावताना ओले असते म्हणून ग्रिप सरकते, आणि वाळल्यावर धरून ठेवते. वळणाऱ्या नळीवर अनेकदा खाचा असतात आणि ग्रिपच्या आत त्यांना जुळणारे उंचवटे. कुलोंब यांचे स्पष्टीकरण चिकटण्याबाबत चुकले, पण पावसात ग्रिप वाचते ती त्यांच्याच उंचवट्यांवर.

मोटोक्रॉसच्या शर्यतींत ग्रिपवर बारीक तार आवळतात. तिचे काम समजायला सायकलची एक सैलसर ग्रिप पुरेशी आहे. बाहेरच्या टोकाला धरून ती ओढा. रबराचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, म्हणून लांबी वाढली की नळी बारीक होते आणि हँडलला अधिकच आवळते. आता आतल्या, ब्रेकच्या बाजूच्या कडेवर अंगठे टेकवून ती बाहेर ढकला. या वेळी लांबी कमी होते, नळी फुगते आणि ग्रिप सुटू लागते. तार हे फुगणेच अडवते. प्रयोग वर्गात करायचा तर दोन्ही वेळा बल स्प्रिंगच्या काट्याने मोजावे, ढकलण्याऐवजी आतल्या कडेला दोरी बांधून ओढले तरी चालते. मग कडा जराशी उचलून आत पाण्याचे दोन थेंब सोडावेत आणि मूठ वळवून पाहावी. दुसऱ्या दिवशी, पाणी सुकल्यावर, पुन्हा मोजावे.