उन्हवऱ्याचे पाणी कोणी तापवले?

देवळाली प्रवरा किंवा राहुरीकडील एखाद्या शाळेची सहल कोकणात निघाली, की समुद्र, किल्ला आणि गरम पाण्याचे कुंड ही तीन ठिकाणे मुलांना हवीच असतात. कुंडाशी उभे राहून 'हे पाणी गरम का?' असे विचारले, तर हमखास दोन उत्तरे मिळतात. एक, खाली गंधक आहे. दुसरे, खाली ज्वालामुखी आहे. ही दोन्ही उत्तरे का टिकली नाहीत, याचा इतिहास आपल्याला सहलीच्या वाटेवरच वाचता येतो.

ताम्हिणी घाट उतरून माणगावला मुक्काम केला, तर दुसऱ्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गाने महाड, खेड, चिपळूण, आरवली, तुरळ, संगमेश्वर असा टप्पा दिवसभरात होतो. वाटेत सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या लागतात. आपली प्रवरा रतनगडापाशी उगम पावून पूर्वेला गोदावरीकडे जाते. या नद्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून थोड्याच अंतरात समुद्र गाठतात. त्यांच्या मुखांशी बाणकोट, दाभोळ, जयगड येथे समुद्र खाडीच्या रूपाने डोंगरांत खोल शिरला आहे. नॉर्वे किंवा आइसलँडच्या फिओर्डांची चित्रे पाहिलेल्या मुलांना हे दृश्य तसेच वाटते. पण फिओर्ड हिमनद्यांनी कोरलेले असतात आणि फार खोल असतात. नॉर्वेतील सोग्ने फिओर्ड सुमारे १,३०० मीटर खोल आहे. कोकणात हिमनद्या नव्हत्या. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळून ती वाढली आणि नद्यांची खोरी पाण्याखाली गेली. दिसायला सारख्या गोष्टींची कारणे वेगळी असू शकतात, हा धडा खाडीनेच दिला. झऱ्यांकडे जाताना तो लक्षात ठेवू.

या झऱ्यांची पहिली नोंद गावांच्या नावांत आहे. ऊन म्हणजे गरम. पालीजवळचे उन्हेरे, दापोली-खेड भागातले उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे ही नावे त्यावरूनच आली. पुढे १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण आले : हे झरे विखुरलेले नसून सह्याद्री आणि समुद्र यांच्या साधारण मधोमध एका ओळीत आहेत. सुटे सुटे कुंड पाहणाऱ्याला ही ओळ दिसत नाही. नकाशावर ठिपके मांडल्यावरच ती दिसते.

दुसरे पाऊल होते यादीचे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी देशभरातील उष्ण झऱ्यांची माहिती जमवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर पुत्र रिचर्ड ओल्डहॅम यांनी ती संपादित केली व १८८२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. याच रिचर्ड यांनी १९०६ मध्ये भूकंपलहरींवरून पृथ्वीच्या गाभ्याचा पुरावा दिला. अशी यादी हाती आली की ज्वालामुखीचे उत्तर डळमळू लागते. बिहारमधील राजगीर, हिमालयातील मणिकरण येथे कोकणासारखा लाव्हाचा काळा खडक नाही. तरी तेथे पाणी गरमच आहे. शिवाय आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे केव्हाच थंड झालेला. आइसलँडची गोष्ट निराळी. तेथे भूपट्ट आजही एकमेकांपासून दूर जात आहेत आणि ज्वालामुखी जिवंत आहेत.

मग उष्णता कोठून येते? एक साधे गणित करू. उथळ विहिरीच्या पाण्याचे तापमान त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास, समजा २७ अंश असते. जमिनीत खाली जाताना दर किलोमीटरला तापमान सुमारे २५ ते ३० अंशांनी वाढते. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंश आहे. म्हणजे ते निदान दीड किलोमीटर खोल जाऊन आलेले असणार. सह्याद्रीपलीकडे कोयना भागात २०११ मध्ये घेतलेल्या एका खोल विंधन छिद्रात सुमारे ९३० मीटरवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे हे पाणी लाव्हाच्या थराखालून फिरून येत असण्याचा संभव आहे. पाण्यातील समस्थानिकांच्या मोजणीवरून ते मुळात पावसाचेच असल्याचे दिसून आले. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापते आणि मोठ्या भेगेवाटे लवकर वर येते. झऱ्यांची ओळ ही त्या भेगांची खूण. गंधकाचे काय? तापलेले पाणी खडकांतील क्षार विरघळवून आणते. त्याचा वास आणि चव हा प्रवासाचा परिणाम आहे, उष्णतेचे कारण नव्हे.

१९६६ मध्ये केंद्र सरकारने उष्ण झऱ्यांसाठी समिती नेमली. १९९१ च्या भारतीय भूऔष्णिक नकाशासंग्रहात सुमारे ३४० झरे नोंदले गेले. १८८२ ची यादी आणि ही यादी शेजारी ठेवता येतात, कारण दोन्ही वेळी कोणीतरी तापमान मोजून लिहून ठेवले. मात्र कुंडे बांधून काढली, विहिरी-बोअर वाढल्या, की झऱ्याचे मूळ पाणी कोणते हेच कळेनासे होते आणि मग मोजूनही तुलना करता येत नाही.

म्हणून सहलीला जाताना शंभर अंशांपर्यंतचा तापमापक घ्यावा. आधी शाळेच्या विहिरीचे पाणी मोजावे, मग आरवली, तुरळ, उन्हवरे येथे जेथून पाणी वर येते तेथे दोरीने तापमापक सोडून मोजावे. ७० अंशांचे पाणी भाजते, तेव्हा मुलांना हात घालू देऊ नये. तारीख, वेळ आणि नेमकी जागा लिहून वही शाळेत जपावी व पुढच्या तुकडीने त्याच जागी पुन्हा मोजावे.