सुप्याची आग, हरिभाऊंची यमू आणि रामजी

मोरगावहून चौफुल्याकडे जाताना सुपे लागतं. बारामती तालुक्यातलं गाव. सुपे म्हटलं की आपल्याला शहाजीराजांची जहागीर आठवते, पलीकडे इंदापूर म्हटलं की मालोजीराजे. पण याच सुप्यात 12 मे 1875 ला शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, कर्जाची खतं आणि वह्या पेटवून दिल्या. दख्खनचे दंगे म्हणतात ते इथून सुरू झाले.

तेव्हा हरि नारायण आपटे 11 वर्षांचे होते. पुढे 1890 मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. मराठी कादंबरीत तोवर राजपुत्र, राजकन्या आणि योगायोगांची चलती होती. (बाबा पदमनजींचं 1857 चं ‘यमुनापर्यटन’ वेगळं, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.) हरिभाऊंची यमू स्वतःच बोलते, घरातल्या बाईच्या साध्या बोलीत. माहेर, सासर, नवऱ्याचा मृत्यू, आणि मग तिच्या मनाविरुद्ध केलेलं केशवपन. त्यात खलनायक बाहेरून आलेला नाही, घरातलाच आहे.

गंमत बघा, ‘उषःकाल’ही याच माणसाची. स्वराज्याची पहाट दाखवणारी कादंबरी. शिवकाळावरची ती पहिली नव्हे, गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 चीच. पण इंग्रजी राज्यात वाढलेल्या वाचकाला ‘आपण कोण’ हे तिनं गोष्टीतून सांगितलं. आज आपण ‘उषःकाल’वाले हरिभाऊ आवडीनं घेतो आणि यमूला अभ्यासक्रमात ढकलतो. मला हे पटत नाही. स्वराज्य आपलं, तर वाड्यातला तो वस्तरासुद्धा आपलाच ना?

माझी एक तक्रार होती: पुण्याच्या वाड्यांत रमलेल्या या लेखकाला सुप्याचा शेतकरी दिसलाच नाही का? मग ‘काळ तर मोठा कठीण आला’ वाचली. 1896-97 च्या दुष्काळातल्या रामजी या शेतकऱ्याची आणि त्याच्या कुटुंबाची दीर्घकथा. तिचं ‘रामजी’ नावानं इंग्रजी भाषांतर लंडनला छापलं गेलं.

आपल्याकडच्या जिरायती गावातलं कुणी ऐकत असेल, तर यमूच्या आधी रामजी वाचा. आणि घरात आजोबा असतील तर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. 1972 च्या दुष्काळातलं काही ना काही त्यांच्याकडे सांगायला असेलच.