नाव आणि मत

मताधिकाराच्या विस्ताराचा इतिहास आपण बहुधा कायद्यांच्या क्रमाने वाचतो : १९१९चा कायदा, १९३५चा कायदा, मग संविधान. या क्रमात स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदारयादीतून वगळल्या गेलेल्या सुमारे २८ लाख स्त्रिया कोठेच दिसत नाहीत.

१९१९च्या कायद्याने मताधिकार मुख्यतः मालमत्ता, सारा व कर यांवर बेतला आणि स्त्रियांचा प्रश्न प्रांतिक विधिमंडळांवर सोपवला. मद्रास व मुंबई या प्रांतांनी १९२१ मध्ये लिंगभेदाची अट काढून टाकली खरी. परंतु जिच्या नावावर शेत नाही की घर नाही, तिला त्याचा उपयोग काय? १९३५च्या कायद्याने यावर जी तोड काढली, ती मोठी बोलकी आहे. पात्र पुरुषाची पत्नी म्हणून स्त्रीला मत मिळू लागले. मत तिचे, पात्रता मात्र नवऱ्याची! त्याआधीच, १९२८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे सरसकट प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. ती प्रत्यक्षात आली संविधानाच्या ३२६व्या अनुच्छेदाने. एकवीस वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक नागरिक मतदार ठरला.

आणि येथेच पेच उभा राहिला. यादी करणारे दारोदार गेले, तेव्हा, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद झाली. परक्या पुरुषापुढे नाव उच्चारायचे नाही, ही रीत. आपण मराठी माणसांनी याचे नवल करू नये. पतीचे नाव उखाण्यातच घ्यायचे आणि लग्नात मुलीचे माहेरचे नावच बदलायचे, ही चाल आपल्याच घरांतली.

मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य मानल्या नाहीत. बिहारमध्ये दुरुस्तीसाठी जादा मुदत दिली गेली. तरीही देशभरातील सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी २८ लाख १९५१-५२च्या निवडणुकीला मुकल्या.

हा निर्णय कठोर होता यात शंका नाही. नियम ज्यांनी केले नाहीत आणि रूढीही ज्यांनी घातली नाही, त्यांनीच त्याची किंमत मोजली. तथापि ‘अमक्याची बायको’ ही नोंद स्वीकारली असती, तर संविधानाने मोडीत काढलेली १९३५ची पात्रता मागच्या दाराने परत आली असती. म्हणून तत्त्वतः सेन यांचा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. चुकले ते एवढेच, की नाव मिळवण्यासाठी पुरेसा वेळ व पुरेशी माणसे खर्ची पडली नाहीत.

पुढे १९८९ मध्ये वयाची अट अठरावर आली. पण अधिकार संविधानात लिहिला जातो आणि हाती पडतो तो यादीत. २०२५ मध्ये त्याच बिहारमधील याद्यांच्या सखोल पुनरीक्षणावरून जो वाद झाला, त्यात कारणे निराळी होती. प्रश्न मात्र जुनाच होता : नाव सिद्ध करण्याचा भार कोणी वाहायचा, नागरिकाने की राज्यसंस्थेने?