शक्तिमापन, मोटारगाडीच्या एंजिनाचे
एंजिनाकडून एकक कालात होणारे कार्य मोजण्याच्या क्रियेस शक्तिमापन म्हणतात. एंजिनाची सांगितलेली शक्ती व त्याच्याकडून प्रत्यक्ष मिळणारी शक्ती यांत पुष्कळदा तफावत असते. त्यामुळे ग्राहक, कारखानदार व करआकारणी करणारे शासन या तिघांच्याही दृष्टीने या मापनास महत्त्व आहे.

जेम्स वॉट यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्याच्या कामाशी तुलना करून अश्वशक्ती हे एकक रूढ केले. मिनिटास ३३,००० फूट-पौंड कार्य म्हणजे एक अश्वशक्ती (सु. ७४६ वॉट) होय. मेट्रिक अश्वशक्ती सु. ७३५·५ वॉट असते. १८२१ मध्ये फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी फिरत्या चाकावर लाकडी ठोकळे आवळून व तरफेस वजने लावून शक्ती मोजण्याची युक्ती काढली. घर्षणाचे परिबल व फेऱ्यांची गती यांवरून शक्ती काढता येत असल्याने ‘रोधक अश्वशक्ती’ ही संज्ञा प्रचारात आली. १८७७ मध्ये विल्यम फ्राउड यांनी पाण्याच्या रोधावर चालणारा शक्तिमापक तयार केला.

ब्रिटनमध्ये १९१० च्या सुमारास मोटारगाड्यांवरील करासाठी एक सोपे सूत्र ठरविण्यात आले. सिलिंडराच्या व्यासाच्या (इंचांत) वर्गास सिलिंडरांच्या संख्येने गुणून २·५ ने भागावयाचे, असे ते होते. यास केवळ मोजपट्टी पुरे. परंतु दट्ट्याची धाव, फेऱ्यांची गती व संपीडन यांचा त्यात विचार नव्हता. मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या चार सिलिंडरांच्या, ६८ मिमी. व्यासाच्या व १,०८९ घ. सेंमी. धारणेच्या एंजिनास हे सूत्र लावल्यास केवळ सु. ११·५ अश्वशक्ती येते. प्रत्यक्ष शक्ती कितीतरी अधिक असते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने ही करपद्धती सोडून दिली.

वीज केंद्रात हा प्रश्न सुलभ असतो. पालघर जिल्ह्यातील बोईसरनजीक असलेल्या तारापूर अणुवीज केंद्रात (१९६९) जनित्राची शक्ती विद्युत् मापकांवर थेट वाचता येते. तेथील पहिल्या दोन संचांची मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगॅवॉट होती. पुढे ती १६० मेगॅवॉट धरण्यात आली. नोंदलेली क्षमता ही कायमची नसते, हे यावरून दिसते. मोटारगाडीच्या एंजिनास मात्र असा मापक जोडलेला नसतो.

तथापि गाडीचे वस्तुमान, वेगमापक व विरामघड्याळ एवढ्या साधनांनी घरच्या घरी स्थूल मापन करता येते. माणसांसह गाडीचे वस्तुमान वजनकाट्यावर काढावे. समजा, ते १,००० किग्रॅ. आहे व सपाट रस्त्यावर एकाच गिअरमध्ये वेग ताशी ४० पासून ६० किमी. होण्यास ५ सेकंद लागतात. गतिज ऊर्जेतील वाढ सु. ७७,००० जूल येते. म्हणजे सरासरी १५·४ किलोवॉट शक्ती केवळ वेग वाढविण्यात खर्ची पडते. त्यानंतर गिअर काढून गाडी घरंगळत ठेवल्यास वेग ६० वरून ४० किमी. होण्यास २० सेकंद लागले, तर हवेचा व चाकांचा रोध सु. ३·९ किलोवॉट शक्ती घेतो. बेरीज १९·३ किलोवॉट, म्हणजे सु. २६ मेट्रिक अश्वशक्ती होय. वारा व उतार यांचा दोष टाळण्यासाठी दोन्ही दिशांनी मापन करून सरासरी घेतात. ही चाकांपाशी मिळणारी व त्या वेगांच्या दरम्यानची सरासरी शक्ती आहे, एंजिनाची कमाल शक्ती नव्हे. शिवाय वेगमापक सहसा थोडा अधिक वेग दाखवितो व फिरत्या भागांचे जडत्व हिशेबात येत नाही. असे प्रयोग रहदारीच्या रस्त्यावर करणे धोक्याचे असते.

काटेकोर मापन शक्तिमापकावरच होते. भारतात पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्था. १९६६) ही संस्था अशा चाचण्या घेते. घरगुती पद्धतीचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे. तीच गाडी, तोच रस्ता व तेच वजन ठेवून दरवर्षी मापन केल्यास एंजिनाची झीज आकड्यांत दिसते व दुरुस्तीने कितपत गुण आला, हेही मालकास स्वतः पडताळता येते.