दादा म्हणजे कोण?

‘दादा’ हा शब्द आपल्या तोंडी मुळाक्षरांच्याही आधी येतो. त्यामुळे त्याला काही इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. थोरला भाऊ, एवढा अर्थ आपल्याला पुरतो. बंगाल्यातही दादा म्हणजे थोरला भाऊच. परंतु हिंदी किंवा गुजराती शेजारणीच्या घरी दादा म्हणजे वडिलांचे वडील!

पेशव्यांच्या घरात पाहावे तर रघुनाथराव हे नानासाहेबांहून 14 वर्षांनी धाकटे, तरी ते राघोबादादाच. या दादांचा पुतण्या नारायणराव 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात मारला गेला आणि रामशास्त्र्यांनी दोष दादांच्या पदरी घातला. पुढे भाऊराव गायकवाड यांनी 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात पुढारीपण केले. त्यांच्या नावातच ‘भाऊ’, तरी लोकांनी त्यांना दादासाहेब म्हटले. मुंबईच्या गिरणगावात तर गल्लीतला दांडगा माणूसही दादा झाला. कोकणातून एकट्या आलेल्या कामगाराला आधार देणाराही तोच आणि धाक घालणाराही तोच.

पण मला सांगावयाचे आहे ते घरातले. एकत्र कुटुंबात वडिलांनी वडीलधाऱ्यांदेखत आपल्या मुलाला जवळ घेऊ नये, अशी रीत असे. मूल वाढे ते काका-आत्यांच्या हातांवर आणि शब्दही त्यांचेच उचली. काका वडिलांना दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादा म्हणू लागलो. मग थोरल्या भावाला काय म्हणावयाचे? तो आमच्याकडे ‘अण्णा’ झाला. कानडी मुलुखात अण्णा म्हणजे थोरला भाऊच, हे आम्हाला फार उशिरा कळले.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘वहिनी’. ज्या घरात वडील दादा, त्या घरात जन्मदात्री पुष्कळदा वहिनी असे. कारण ‘आई’ हा शब्द आजीने आधीच अडवलेला! वडिलांना दादा म्हणण्यात मला काही उणे वाटत नाही. पण पोटच्या मुलांनी वहिनी म्हणावे, हे त्या बायकांना कसे वाटे, ते कोणी विचारले नाही. आमच्या घरी आजी वारल्यानंतर जन्मलेला शेंडेफळ भाऊ तेवढा तिला आई म्हणे. आम्हा थोरल्यांची ती अखेरपर्यंत वहिनीच राहिली.